दादाची पेटी

दादा गेला त्याला आता वर्ष होईल. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, पेटी उघडा आता. पेन्शनचे कागद काढा लागतीन."

पेटी म्हणजे काळ्या रंगाची लोखंडी पेटी. फौजेतून निवृत्त होऊन आलेल्या माणसाच्या घरी गेलात तर अशी पेटी हमखास दिसते. झाकणावर पांढऱ्या रंगानं दादाचा नंबर, हुद्दा आणि नाव. १९९३ साली दादा हवालदार म्हणून घरी आला तेव्हा हीच पेटी वाशीमच्या स्टेशनवरून बैलगाडीत टाकून मी आणली. तेव्हापासून ती माजघरात आहे.

पेटीत डाव्या बाजूला दादाचे कागद आणि उजव्या बाजूला माझे. माझे तिथं कसे, तर माझ्या घरच्या फळीवर उंदीर लागतात. एकदा सोसायटीची पावती उंदरांनी कुरतडली, तेव्हा दादा म्हणाला, "लहान्या, तुह्ये कागद माह्या पेटीत ठेव. दोघायचं एकाच जागी राहीन." तेव्हापासून एकाच पेटीत दोन गठ्ठे.

त्या दिवशी दोन्ही गठ्ठे बाहेर काढून सतरंजीवर मांडले. दादाच्या गठ्ठ्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, वहिनीसोबतचा जोडफोटो, बँकेचं पुस्तक, दवाखान्याचं कार्ड. प्रत्येक कागदावर तोच एक नंबर. त्या नंबरावर वहिनीचा अर्ज गेला, मृत्यूचा दाखला जोडला, बँकेत दोन-तीन चकरा झाल्या. चौथ्या महिन्यात वहिनीच्या खात्यात कुटुंबाची पेन्शन पडली. कोणाच्या पाया पडावं लागलं नाही की कोणाला चहा पाजावा लागला नाही.

माझा गठ्ठा त्याच्या दुप्पट जाड. सातबारा, आठ-अ, पीक कर्जाचं पासबुक, थकबाकीच्या नोटिसा, पंचनाम्याच्या झेरॉक्स, विम्याच्या पावत्या, अनुदानाचे अर्ज. त्यातल्या अर्ध्या कागदांचं पुढं काय झालं ते मला अजून माहीत नाही. एका आईच्या दोन लेकरांचे हे दोन गठ्ठे. एकाला सरकारनं नंबर दिला, दुसऱ्याला रांग दिली. त्या दिवसापासून ते दोन गठ्ठे माझ्या डोळ्यापुढून हलत नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव मालेगाव तालुक्यातलं. आता जिल्हा वाशीम, पण तो झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी आम्ही अकोल्याचे. बाबांची चौदा एकर कोरडवाहू जमीन. चौदा एकर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला आम्ही बागायतदार वाटतो. पण आमच्याकडचं चौदा एकर म्हणजे पावसाच्या भरवशावरचं माळरान. पाऊस आला तर पीक, नाही तर धसकटं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. १९६९ साली तो भरती झाला. "एक पोरगा सरकारले, एक पोरगा वावराले," असं बाबा म्हणायचे. दादा मीटरगेजच्या गाडीत बसून गेला, पुढं बेळगावला ट्रेनिंग. मायनं त्याच्यासोबत तिळाच्या चटणीचा डबा दिला होता. तो डबा रिकामा परत आला तेव्हा त्यात पन्नास रुपये होते. आमच्या घरात दर महिन्याला पैसे येतात हे तेव्हा पहिल्यांदा झालं. त्याआधी पैसे वर्षातून एकदा यायचे, तेही आले तर.

१९७१ च्या डिसेंबरात लढाई लागली. मी बारा वर्षांचा. दादा पूर्वेच्या आघाडीवर. गावात एकच रेडिओ, पाटलाच्या वाड्यात. बातम्यांच्या वेळी सगळं गाव अंगणात बसायचं आणि माय मात्र भिंतीआड उभी राहायची, पुढं यायची नाही. शाळेत गुरुजींनी जवानांसाठी पैसे गोळा केले. मी माझ्या भोवऱ्याचे दहा पैसे दिले. आणखी एक गोष्ट मला चांगली आठवते. त्या नोव्हेंबरपासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं एक जादा तिकीट लावावं लागे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी ते होतं. दादाला पत्र टाकायचं तर मी ते तिकीट जिभेनं ओलं करून चिकटवायचो. मायनं विचारलं, हे दुसरं कशाचं? मी सांगितलं. ती म्हणाली, "लाव बापा. त्यायचीबी लेकरं आहेत."

देशाला मनात आलं तर पैसा कसा उभा करता येतो, हे मी त्या पाच पैशांच्या तिकिटावरून शिकलो. कोणी म्हणालं नाही की पैसा कुठून आणायचा. घरोघरच्या पत्रावरून पाच-पाच पैसे उचलले आणि उभा केला.

सोळा डिसेंबरला लढाई संपली, दादा सुखरूप होता. आणि पुढच्याच पावसाळ्यात ढग रुसले. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यात आणि तिकडं पश्चिमेला फार मोठा. पैनगंगेच्या पलीकडची माणसं ढोरं घेऊन आमच्याकडं चाऱ्याला यायची, पण आमच्याकडंच कुठं काय होतं! ज्वारी पोटरीत येण्याआधीच करपली. रस्त्याच्या कामावर मी मायसोबत खडी फोडली. कामावर सुकडी मिळायची. रेशनला लाल मिलो यायचा. त्याची भाकर थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. पण त्या वर्षी गावात उपासानं कोणी मेलं नाही, ते त्या कामामुळे.

पुढं मोठा झाल्यावर त्या कामाची गोष्ट वाचनालयातल्या पुस्तकात वाचली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून ती योजना निघाली. सांगलीकडं तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी आधी तो प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळानंतर महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदाच केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. आणि पैसा? शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला थोडा व्यवसाय कर कापायचा आणि तितकाच पैसा सरकारनं आपल्याकडून घालायचा. म्हणजे पुन्हा तेच पाच पैशांचं तिकीट. फक्त या वेळी ते लढाईसाठी नव्हतं, खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी होतं. पुढं २००५ साली सगळ्या देशानं हा कायदा उचलला. माझ्या राज्याची ही गोष्ट मला दादाच्या मेडलइतकीच अभिमानाची वाटते.

मी १९७६ ला दहावी झालो. पुढं शिकायची इच्छा होती, पण बाबा थकले होते आणि दादा सीमेवर. वावराच्या वाट्याचा पोरगा मी. हातात तिफन आली ती आजपर्यंत सुटली नाही. पुढं वाटणी झाली, सात एकर दादाचे, सात माझे. पण वाहिले मीच, चौदाही.

दादा सुट्टीवर आला की रात्री ओट्यावर खाट टाकून आम्ही बोलायचो. तो भरती झाला तेव्हा त्याच्या पलटणीत १९६२ ची लढाई पाहिलेले जुने लोक होते. त्यांनी त्याला सांगितलं होतं, त्या बर्फात जवानांच्या अंगावर धड गरम कपडे नव्हते, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल, तिचा बोल्ट दर गोळीमागं मागं ओढावा लागे. दादा म्हणायचा, "लहान्या, पैसे वाचवले होते सरकारनं. कोणाच्या जिवावर वाचवले ते आमाले माहीत."

हे मी मुद्दाम लिहितो. कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कोणी म्हणायला नको की, हा म्हातारा फौजेचा पैसा कापायला निघाला. माझ्या घरात फौज जेवलेली आहे. जवानाला जुना बूट देऊन वाचवलेला पैसा मला नको.

आता २००६ ची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात रोजच्या पेपरात आत्महत्येची बातमी असायची. पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि १ जुलै २००६ ला सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि आमचा वाशीम. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतल्या एकानं फवारणीचं औषध घेतलं. माझ्याच वयाचा. माझ्यासोबत खडी फोडायला होता. रात्री आम्ही त्याला जीपमध्ये टाकून नेलं. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, दुसऱ्यात औषध नव्हतं. तिसऱ्याच्या दारात पोचेपर्यंत तो माझ्या मांडीवर थंड झाला होता.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना सरकार एक लाख रुपये देतं. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्याआधी मेलेला माणूस "पात्र" ठरावा लागतो. जमीन घरच्यांच्या नावावर होती काय, कर्ज बँकेचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं होतं काय, वसुलीचा तगादा होता काय. माझ्या या मित्राची जमीन त्याच्या चुलत्याच्या नावावर होती, वाटणी तोंडी झालेली. कर्ज होतं ते गावातल्या एका माणसाचं, बिनकागदाचं. तो अपात्र ठरला. त्याच्या बायकोला तो कागद मीच वाचून दाखवला. तिनं विचारलं, "म्हंजे ते मेले नाहीत काय, भाऊ?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दादा त्या रात्री माझ्याजवळ बसून होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडं पोट्टा मेला तं साहेब त्याच्या घरी जाते. त्याचा नंबर असते ना. याचा कुठंच नंबर नोता."

दादाचं ते बोलणं मला उमगायला वर्षं लागली. मी तोवर समजत होतो, फरक पैशाचा आहे. जवानाला जास्त आणि आम्हाला कमी. पैशाचा आहेच. पण खरा फरक हा की जवानाला जे मिळतं त्याला पगार म्हणतात, पेन्शन म्हणतात. आम्हाला मिळतं त्याला पॅकेज म्हणतात, मदत म्हणतात, सन्मान निधी म्हणतात. पगाराची तारीख ठरलेली असते. मदतीची तारीख निवडणुकीच्या तारखेवर असते.

पुढं २९ फेब्रुवारी २००८ चं बजेट आलं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी ६०,००० कोटी. त्याच भाषणात संरक्षणासाठी १,०५,६०० कोटी होते, पहिल्यांदाच लाख कोटींच्या वर. टीव्हीवर चर्चा लागल्या, साठ हजार कोटी आणणार कुठून? सवय लागेल, तिजोरी बुडेल. मी आणि दादा ते पाहत होतो. दादा हसला आणि म्हणाला, "मायासाठी लाख कोटी लागतेत, ते कुठून आणसान म्हणून कोणी नाही इचारून राह्यलं."

आणि कर्जमाफी तरी कशी? पाच एकरांच्या आतल्याला पूर्ण माफी. त्याच्या वरच्यानं पंच्याहत्तर टक्के आधी भरायचे, मग बाकीचे माफ. आमच्यासारख्या जिल्ह्यात पंचवीस टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल ते. ओलिताच्या मुलखात पाच एकरवाला पैसेवाला असू शकतो. आमच्या कोरडवाहू मुलखात सात एकरवाला भिकेला लागलेला असतो. पण कायद्याच्या हिशेबी मी मोठा शेतकरी. माझी थकबाकी चौसष्ट हजार. वीस माफ होणार, चव्वेचाळीस भरायचे. कुठून भरू?

त्याच हिवाळ्यात दादाला सहाव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला. दादानं वहिनीला विचारलं, वहिनीनं मान हलवली आणि दादा मला घेऊन बँकेत गेला. चव्वेचाळीस हजार भरले. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. परत येताना एसटीत दादा म्हणाला, "पाय बरं गंमत. सरकारनं मायासाठी ठेवलेला पैसा तुह्या वावराले लागला."

वाचकहो, संरक्षण खर्च विरुद्ध शेती-शिक्षण-दवाखाना असा वाद पुस्तकात फार सोपा दिसतो. एका पारड्यात तोफ, दुसऱ्यात भाकर. आमच्या घरात ती पारडी कधी वेगळी नव्हतीच. दादाच्या मनीऑर्डरीवर माझ्या बहिणीचं लग्न झालं, विहीर बांधली गेली, मोटर बसली. २००८ साली कर्ज फिटलं. गावात ज्या ज्या घरात एक फौजी आहे त्या घराची पडवी पक्की आहे आणि त्या घरात औषध पिऊन कोणी मेलेलं नाही. सरकारनं शेतकऱ्यासाठी केलेल्या सगळ्या योजनांपेक्षा आमच्या गावाला जास्त धरून ठेवलं ते फौजेच्या पेन्शनीनं. ही फौजेची मोठी गोष्ट आहे. आणि बाकीच्या सगळ्या खात्यांची लाजेची आहे. ज्या घरात फौजी नाही, त्या घरानं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?

माझा नातू एकोणीस वर्षांचा आहे. बारावी झाला. पहाटे चार वाजता उठून डांबरी रस्त्यावर पळतो. गावातली सात-आठ पोरं असतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे. मी घड्याळ धरून मैलाच्या दगडाजवळ उभा राहतो. २०२२ पासून अग्निवीर आलं. चार वर्षांची नोकरी, शेवटी सेवा निधीचे साधारण पावणेबारा लाख आणि चारांतला फार तर एक कायम. बाकीचे तिघं पंचविशीच्या आत घरी. त्यांना पेन्शन नाही. दादा असताना त्याला हे पटलं नव्हतं. पण नातू म्हणतो, "आबा, वावरात काय हाय?" त्याला मी काय सांगू? २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि माझा माल बाजारात चार हजारांच्या आसपास गेला, तो त्याच्यासमोरच गेला.

नातू मोबाईलवर आकडे काढून देतो, मी वहीत उतरवतो. २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटात संरक्षणाला ६,८१,००० कोटींच्या वर. त्यातले १,६०,००० कोटींच्या वर नुसते पेन्शनला. रोजगार हमीला ८६,००० कोटी. मी म्हटलं, पाय, आठपट. तर तो म्हणाला, "आबा, असं नसते. शाळा, दवाखाने राज्य चालवते, फौज दिल्ली चालवते. नुसते दिल्लीचे आकडे धरून जमत नाही." पोरगं खरं बोललं. मी वहीत तेही लिहिलं. पण मग त्यानंच दुसरं काढलं. २०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारनंच लिहून दिलं होतं की २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू. केंद्र आणि राज्य दोन्ही धरून. २०२५ उजाडलं, आकडा तिथं पोचला नाही. ज्या रात्री मी मित्राला मांडीवर घेऊन तीन दवाखाने फिरलो, तो हाच न पोचलेला आकडा.

आणि आमचा जिल्हा? २०१८ साली दिल्लीनं देशातल्या मागासलेल्या जिल्ह्यांची यादी केली, महाराष्ट्रातले चार घेतले, त्यात वाशीम. नाव मोठं गोड दिलं, आकांक्षित जिल्हा. मागासलेला म्हणायचं नाही. पण यादीत नाव आल्यानं पाऊस वेळेवर येत नाही. २०२३ ला एक रुपयात पीक विमा निघाला, २०२५ च्या खरिपाला तो बंद झाला. माझ्या गठ्ठ्यात दोन पावत्या वाढल्या, एवढंच.

७ मे २०२५ ला पहाटे पुन्हा लढाईची बातमी आली. चार दिवस गाव मारुतीच्या पारावर मोबाईलला चिकटून होतं. ज्यांची पोरं सीमेवर होती त्या दोन घरांत चूल नीट पेटत नव्हती. मी त्या मायांमध्ये माझी माय पाहिली, भिंतीआड उभी. त्या चार दिवसांत, या सगळ्याला किती खर्च आला, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. अशा वेळी विचारावंसं वाटतच नाही. पण ती चार रात्रींची गोष्ट झाली. बाकीच्या तीनशेएकसष्ट रात्री विचारायला काय हरकत आहे?

दादा एकदा बोलला होता ते मी विसरू शकत नाही. ओट्यावर बसलो होतो आणि मी चिडून म्हणालो होतो, तुमच्या एका विमानाच्या पैशात आमच्या तालुक्याचं ओलीत झालं असतं. दादा चिडला नाही. तो म्हणाला, "तिकडं कमी केलं तं आमचं पोट्टं मरते. इकडं कमी केलं तं तुमचं पोट्टं मरते. पण लहान्या, मरते ते एकाच गावचं पोट्टं. म्हणून मले यातलं एक निवड म्हणू नको. ज्याचं त्यानं मोजलं पाह्यजे."

मोजलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे. जवानाला जसं मोजता तसं आम्हाला मोजा. त्याला मिळतं तेवढं द्या असंही मी म्हणत नाही. पण जे द्याल ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नावावर, आमचा हक्क म्हणून द्या. खडी फोडणाऱ्या बाईला महाराष्ट्रानं ते एकदा देऊन दाखवलं आहे. पाच पैशांच्या तिकिटानं देशानं ते करून दाखवलं आहे. येत नाही असं कोणी म्हणू नये. येतं. लढाई लागली की येतं. आमच्याकडं रोज थोडी थोडी लागलेली असते ती कोणाला ऐकू जात नाही, एवढंच. तिच्यात आवाज होत नाही.

यंदा मृग नक्षत्रात बऱ्यापैकी पाऊस झाला. पेरणी तोंडावर आली आणि माझ्या हातात बियाण्यापुरते पैसे नव्हते. पीक कर्जाचं नवंजुनं व्हायचं होतं. मी वहिनीच्या दारात जाऊन नुसता उभा राहिलो. वहिनीनं विचारलं नाही. आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि पैसे माझ्या हातात ठेवले. तिच्या पेन्शनीतले.

"तूर निघाली की देतो," मी म्हटलं.

"ते असते तं मागतले असते काय?" वहिनी म्हणाली. "जा, वापसा निघून जाईन."

त्या पैशाच्या सोयाबीनच्या बॅगा आणल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे नातू पळायला निघाला आणि मी ट्रॅक्टरवाल्याला उठवायला. फाट्यापर्यंत आम्ही सोबत गेलो. तिथून तो रस्त्यानं गेला आणि मी धुऱ्यानं.